एकशे सतरा ग्रॅम

परतवाड्यात माथने सराफांच्या दुकानात
मी झोळीतून दोन ट्यूब काढल्या,
तेव्हा जोडवी निवडत बसलेल्या सासू-सुना
निवडायच्या थांबल्या.
"तोलून द्या," मी म्हटलं. "नाही, खरंच."

काळी, नेहमीची : एकशे अठ्ठावन्न ग्रॅम.
नारिंगी, संत्र्याच्या फोडीवरल्या पापुद्र्याएवढी,
जिला हवेशिवाय स्वतःचा असा आकार नाही :
एक्केचाळीस.
माथनेंनी काट्यावर फुंकर मारली, पुन्हा ठेवली.
"केवढ्याची?"
"चौदाशे."
"मंग सोनंच घ्या ना बाई,
थे तरी मोडता येते."

डेपोमागच्या टपरीत बाबूलाल कास्देकरकडे काटा नाही.
तो ट्यूब गालाला लावून गळती शोधतो,
घमेल्यावर वाकून बुडबुडे ऐकतो.
"सेमाडोहकडे नेता ही? थो मुरूम नाही, दात हायेत.
अन् बाभळीचा काटा
काई ग्रॅम दाखवत नाही."

मी त्याला चढाचं समजावलं :
डब्यातलं वजन एकदाच उचलायचं,
चाकाच्या कडेचं दर फेऱ्याला.
तो माझ्या डब्याकडे पाहत राहिला,
ज्यात तीन भाकरी होत्या, झुणका,
आणि वाटलंच तर म्हणून घेतलेली अर्धा किलो केळी.

सोल्युशन लावून पाहिलं त्यानं नारिंगीला.
ठिगळ धरलं, मग कड उचलून सुटलं.
हिला हिचंच ठिगळ लागतं, पाकिटातलं,
तेही स्पिरिटनं पुसल्यावर.
पुसायचं मला येतं. आरोग्य केंद्रात
दिवसाला चाळीस दंड पुसते सुईआधी.
आणि टायरबाहेर हिला उगाच फुगवायची नाही,
एकदा पसरली की पुन्हा आवळत नाही.
"नखरेल हाये," बाबूलाल म्हणाला,
पण हळू, जशी ती ऐकत असावी.

"काळी मेली तरी कामाची," तो पुढं म्हणाला.
मग दोघं मोजत बसलो :
फवारणी पंपाचा तुटका पट्टा. पोरांची गलोल.
कॅरियरवर आडवं बांधलेलं सिलिंडर.
बोअरच्या पाइपाची चिळकांडी.
त्याच्या मायच्या चपलेचा अंगठा.
"अन् ही मेली तं?"
बराच वेळ दोघांनाही काही सुचलं नाही.
एस.टी. रिव्हर्स घेत होती,
कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता.

शेवटी पुढं नारिंगी, मागं काळी.
मागं माझं बूड असतं, माझी केळी असतात,
तिथं भरवशाचं बरं.
दुसरी नारिंगी घडी करून सीटखाली,
रुमालाएवढी. पस्तीसची हवा.

रविवारी, बाविसाव्या किलोमीटरला,
सागाच्या उतारावर, फुस्स झालं
ते मागचं.
भरवशाचं.

खडीवर बसून टायर उलटा केला,
आतून बोट फिरवलं तर लागला :
बाभळीचा, इंचभर, पांढरट, अजून ताठ.
आता दोन्हीकडे नारिंगी घालून
काळी गळ्यात अडकवली आणि चालवू लागले,
आणि पहिल्या चढाला,
खोटं कशाला बोलू,
फारसा काही फरक वाटला नाही.
दुसऱ्याला वाटला.
की वाटायचं म्हणून वाटला?

वळणावर एक बाई दुधाची कॅन सावरत उभी होती,
सायकलचा कॅरियर एका बाजूला कललेला.
तिनं माझ्या गळ्याकडे बोट केलं.
मी काढून दिली.
तिनं दोन्ही हातांत धरून ताणली,
एकदा, आणि मग जोरात, दातांवर ओठ आवळून,
आणि कॅनभोवती तीन फेरे घातले.
नारिंगीला तिनं विचारलंसुद्धा नाही.

काटा मी रुमालात बांधून आणला.
माथनेंकडे जायचं राहिलंय अजून.